मुक्कामाचा रकाना

मालवण,
ता. १४ जानेवारी १९६२

चि. सत्यवान यास सुनीतीचे अनेक आशीर्वाद.

'इकडे सर्व ठीक' अशी सुरुवात करण्याची सवय आहे. तीन वेळा कागद घेतला आणि तिन्ही वेळा तेच लिहिलं गेलं, म्हणून आता सरळ लिहिते. अप्पा गेले. कार्तिक शुद्ध पंचमीला, सोमवारी, दुपारी तीनच्या सुमारास. नऊ दिवस ताप होता. डॉक्टर रोज येऊन जात. शेवटचे दोन दिवस शुद्ध कमी होती. बांद्याच्या शाळेतल्या जुन्या पोरांची हजेरी घेत होते. फार हाल झाले नाहीत. दिवस शंकरने केले. धाकट्या काकांचा शंकर, तू गेलास तेव्हा तो मराठी चौथीत होता.

दोन महिने होऊन गेले. कळवायला उशीर झाला याबद्दल काही लिहीत नाही.

आज संक्रांत, पण यंदा आपल्याकडे सण नाही. शाळेला सुट्टी म्हणून लिहायला बसले. त्यांच्यामागून पाच आठवड्यांनी गोवा मोकळा झाला. इथे बाजारात पेढे वाटले, पोरांनी भरड नाक्यावरून मिरवणूक काढली. शेजारच्या आनंदीबाई पेढे घेऊन आल्या आणि दारातच रडू लागल्या. "अप्पांनी ह्या बघूक होया होता गो," म्हणाल्या. मी पेढा घेऊन देवापुढे ठेवला. मला ना आनंद झाला ना दुसरं काही. दमले आहे, एवढंच कळतं. एका माणसाचा भात शिजवायचा अजून अंदाज येत नाही, रोज उरतो.

तुझा पत्ता बाबलीकडून मिळाला. आपल्या गल्लीतला बाबली अजून इंग्रजांच्या बोटीवर भांडारातच आहे. त्याची बोट हल्ली तुमच्या बंदराला लागत नाही, म्हणून हे पत्र तो लंडनात पेटीत टाकील.

आता एक गोष्ट लिहिते, ती वाचून तुला हसू येईल. आमचे अप्पा पोर्तुगाल पाहायला निघाले होते.

खरंच सांगते. अठ्ठावन्न साली, पेन्शनीत निघाल्यावर, सावंतवाडीला कुणाकडे तरी त्यांना एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं, प्रवाशांसाठी लिहिलेलं, नकाशे आणि चित्रं असलेलं. मुखपृष्ठ गेलेलं, वाळवी लागलेलं. ते घरी आणून त्यांनी खळ लावून बांधलं, आणि दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "सुनीती, आपण एकदा पोर्तुगालाक जावन येवया. बघण्यासारखा आसा." मी म्हटलं, का? तर म्हणाले, "का म्हणजे? फिराक."

तुला त्यांचं त्या लोकांबद्दलचं मत ठाऊक आहे. पंचावन्न साली ते बांद्याला होते, सत्याग्रही त्यांच्याच शाळेत उतरले होते. पंधरा ऑगस्टला गोळीबार झाला, तेव्हा त्यांच्या हाताखालून गेलेला एक मुलगा मांडीत गोळी घेऊन परत आला. त्यानंतर ते घरात काय बोलले तेही तू ऐकलं असशील. बोलणारे आणि पोचवणारे गावात कमी नाहीत. तू त्याच लोकांच्या चाकरीत, म्हणून तेव्हापासून या घरात तुझं नाव निघालं नाही. मीही काढलं नाही. आणि तेच अप्पा मेजावर नकाशा पसरून बसायला लागले.

आनंदीबाईंनी ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अप्पानू, फिराकच जावचा तर आंगणेवाडीक जावा. देवी तरी पावतली." अप्पा म्हणाले, "आनंदीबाये, साडेचारशे वर्सां ते आपल्याकडे पाव्हणे म्हणान रवले. आता आपण एकदा जावन बघया, पाव्हणचार कसो करतत तो."

भाषेची त्यांना काळजी नव्हती. इनास पदेर सकाळी पाव घेऊन यायचा, त्याला ओट्यावर बसवून घ्यायचे. इनासच्या आईचं माहेर म्हापशाकडचं, त्याला थोडं येतं. आपण रोज बोलतो त्यातले किती शब्द त्यांचे, याची यादी दोघांनी केली. चावी, साबण, बाल्दी, तुवालो, मेज, जनेल, बटाटो, पाव. मला वाचून दाखवली आणि म्हणाले, "बघ, येवढ्या शब्दांत घर चालता. आणखी काय होया?" इनास म्हणाला, "मास्तर, घर चालतला, पण रस्तो इचारूक काय म्हणशात?" तेव्हा रस्त्याचे शब्द वेगळ्या पानावर लिहून घेतले.

त्यांनी एक वही घातली होती, शाळेच्या सहलीला घालायचे तशीच. तुला आठवत असेल, विजयदुर्गाला मुलं नेताना ती असायची. दिवस, ठिकाण, काय पाहावे, शिदोरी, मुक्काम, माणसे. सात दिवसांचा बेत आहे. पहिल्या दिवशी लिस्बन, तिथला नदीतला बुरूज. त्याचं चित्र बघून म्हणाले, आपला किल्ला बघितलेल्याला हा म्हणजे वृंदावनाचा चौथरा. मग सिंत्रा म्हणून डोंगरावरचं गाव आहे तिथले राजवाडे. पुढे शेरा लिहिलाय, 'आंबोलीसारखी हवा. कानटोपी घेणे.' मग कुईंब्रा, तिथलं जुनं विद्यापीठ, त्याला दोन दिवस. एक दिवस युरोपच्या अगदी पश्चिमेच्या टोकाला. तिथे पाहण्यासारखं काय आहे विचारलं, तर मला दाराशी नेऊन उभं केलं. "हयसून समुद्राकडे बघला काय तोंड थंय. थंयसून समुद्राकडे बघला काय पाठ हय." भूगोलाच्या तासाला शिकवतात तसं.

शिदोरीच्या रकान्यात भाजलेली तारली लिहिली आहेत. तिकडे ही मासळी रस्त्यावर भाजून देतात असं पुस्तकात आहे, त्याने ते फार खूश झाले होते.

मी गंमत म्हणून ऐकत होते. पासपोर्ट, परदेशी चलन, आणि त्या सरकारशी आपल्या सरकारचं बोलणंसुद्धा बंद. यातलं त्यांना काही कळत नव्हतं असं नाही. तरी तीन वर्षं वही चालली होती. दोन ठिकाणी ती पुरी नाही. मुक्कामाचा रकाना सातही दिवस कोरा आहे. पुस्तकात उतरायच्या जागा दिल्या होत्या, त्यातली एकही त्यांनी घेतली नाही. आणि शेवटच्या पानावर एक आकडा चुकला आहे. मी दाखवला तेव्हा म्हणाले, "रवांदे."

एकदा, एकोणसाठ साली, बाबली रजेवर आला होता. अप्पांनी त्याला मुद्दाम बोलावून चहा पाजला. "लिस्बन बघलंस?" त्याने सांगितलं, "धक्को बघलंय, अप्पानू. धक्के सगळे सारखेच." मग अप्पा विचारत बसले, पाऊस किती, थंडी केवढी, भात मिळतो का, एकट्या माणसाला आजारपणात कुणी बघतं का. बाबली म्हणाला, "तुमी फिराक चाललास काय बिऱ्हाड करूक?" सगळे हसलो.

वही माझ्याकडे आहे. तुझी तब्येत कशी असते? कळव.

तुझी अक्का,
सुनीती


मालवण,
ता. २७ मे १९६२

चि. सत्यवान यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बरंच फिरून आलेलं दिसतं, पाकिटाचे कोपरे गेले होते, पण आतलं शाबूत होतं. वाचून आठ दिवस झाले. शाळेला सुट्टी आहे, आंब्याच्या फोडी वाळत घालण्यापलीकडे काम नाही, म्हणजे वेळ नव्हता असंही मला म्हणता येत नाही.

तू एकच प्रश्न विचारला आहेस. बाबलीला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नाही आणि त्याची-माझी भेट फक्त धक्क्यावर झाली, तर त्याने अक्काला माझा पत्ता कसा दिला?

त्याने दिला नाही. तुझा पत्ता मला पाच वर्षं पाठ आहे. तुझ्याच पाकिटाच्या मागच्या बाजूवरून.

सत्तावन्नच्या मेमध्ये बाबली शाळेच्या फाटकाशी आला. टोपीत लपवून आणलेलं पाकीट काढून म्हणाला, "सत्यवानान दिल्यान हा. अप्पांच्या हातात दी म्हणान सांगल्यान." अप्पा तेव्हा बांद्याला होते, शेवटचा महिना होता त्यांचा. मी म्हटलं, आले की देते. खरोखरच देणार होते. ते सामानासकट आले, त्या दिवशी घरात माणसं होती. दुसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली होती. मग आठवडा गेला. आठवड्यानंतर देणं कठीण होतं आणि महिन्यानंतर तर सांगावं लागलं असतं की इतके दिवस का ठेवलं. ते आईच्या ट्रंकेत, तिच्या शालूखाली राहिलं.

मी ते उघडलं नाही. दुसऱ्याचं पत्र उघडू नये हे अप्पांनीच शिकवलं होतं. न देऊन ठेवावं असं मात्र त्यांनी कधी शिकवलं नव्हतं.

का दिलं नाही, याचं उत्तर मी स्वतःलाही वेगवेगळं दिलं आहे. सुरुवातीला म्हणायची, त्यांना त्रास होईल. मग म्हणायची, गावात कळलं तर माझी नोकरी. दोन्ही थोडं थोडं खरं होतं. मसुऱ्याचं स्थळ तुला माहीत नाही. पंचावन्नच्या श्रावणात सगळं ठरलं होतं, आणि भाद्रपदात त्यांच्याकडून निरोप आला की मुलीचा भाऊ पोर्तुगीज पाकल्यांच्या चाकरीत लिस्बनला आहे, आम्हाला चालणार नाही. त्याचा दोष तुझा नव्हता. तो मी तुझ्या नावावर ठेवला.

त्याहून खरं आहे ते लिहिते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. तू गेलास तेव्हापासून त्यांचा चहा, त्यांची औषधं, त्यांचा राग, सगळं माझ्याकडे होतं. ते पत्र हातात पडलं असतं तर अप्पा दुसऱ्या दिवसापासून तुझे झाले असते. मी त्या घरात चहा करणारी राहिले असते. हे मला पाकीट हातात घेतल्याबरोबर कळलं होतं.

आणि मग पुढच्या वर्षी त्यांनी ती वही घातली.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मी गंमत म्हणून ऐकत होते. तसं नव्हतं. पहिल्याच दिवशी, चहाचा कप हातात असतानाच मला कळलं की त्यांना काय पाहायचं आहे. ते रकाने भरत होते आणि मुक्कामाशी आले की टाक खाली ठेवत होते. एकदा मला म्हणाले, "मुक्काम कळलो काय बाकीचा सगळा जमतला." माझ्याकडे न बघता म्हणाले. मी भाजी चिरत होते. ट्रंक त्याच खोलीत होती, त्यांच्या पाठीमागे, चार हातांवर.

बाबली चहाला आला होता तेव्हा तो मधूनमधून माझ्याकडे बघत होता. त्याला वाटत होतं पत्र केव्हाच दिलेलं आहे, मग अप्पा हे सगळं त्यालाच का विचारतात? तो तोंड उघडणार एवढ्यात मी म्हटलं, "बाबली, तुझ्या आवशीक बरा नाय म्हणतत, आधी घराकडे जा." त्याची आई ठणठणीत होती. तो उठून गेला. आम्ही सगळे हसलो असं तुला लिहिलं, त्यातली मी हसले नव्हते.

शेवटच्या पानावरचा आकडा. सहलीच्या वहीत माणसांच्या रकान्यात अप्पा दोन आकडे घालायचे, निघतानाचा आणि परततानाचा. दोन्ही जुळल्याशिवाय मास्तरांनी घरी जायचं नाही, असा त्यांचा नियम होता. या वहीत निघताना २ आहे. परतताना ३ आहे. मी मास्तरीण, मी त्यावर बोट ठेवून म्हटलं, अप्पा, इथे चूक झाली. काय लिहिलंय ते मला कळत होतं, तरी म्हटलं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "चूक नाय ती. रवांदे."

तापात ते हजेरी घेत होते हेही मी अर्धंच लिहिलं. शेवटच्या दिवशी दुपारी जुनी नावं घेत होते आणि मी प्रत्येक नावाला 'हजर' म्हणत होते, म्हणजे ते शांत राहत. मग तुझं नाव घेतलं, पूर्ण, मध्ये वडिलांचं म्हणजे स्वतःचं नाव घालून. सहा वर्षांत पहिल्यांदा. मला 'हजर' म्हणता आलं नाही. त्यांच्या वर्गात दुसऱ्याच्या नावाला ओ देणाऱ्याला छडी मिळायची, एरवी ते मारत नसत. ते वाट बघत राहिले. मग तुझ्याबद्दलच म्हणाले, "येतलो. वाटेर आसात." त्यानंतर माझं नाव घेण्यापर्यंत ते पोचले नाहीत.

तुझं पत्र मी चौदाव्या दिवशी, घरातली माणसं गेल्यावर उघडलं. पाच-सहा ओळीच होत्या. 'अप्पा, राजकारण राहू द्या. एकदा फिरायला म्हणून या. पाहण्यासारखं पुष्कळ आहे, मी सगळं दाखवीन. मुक्कामाची काळजी करू नका, दोन खोल्या आहेत, त्यातली एक तुमची.' दोघांनी एकच निमित्त काढलं होतं, एकमेकांना न विचारता. मी मध्ये नसते तर दोघांचं जमलं असतं.

परवानगी मिळाली नसती, बोट मिळाली नसती, हे सगळं खरं आहे. पण पत्राला पत्र गेलं असतं. तेवढ्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

तू लिहितोस की एकोणसाठात तुला चांगली जागा मिळत होती, पण अप्पांना कळवलेला पत्ता हाच, म्हणून तू खोली बदलली नाहीस. ते वाक्य मी रोज वाचते.

क्षमा माग असं तू म्हटलेलं नाहीस आणि मीही ती मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. तुझ्यावर ते ओझं नको.

पावसाळ्यामुळे आगबोटी चार दिवसांत बंद होतील. त्याआधी बाबली मुंबईला जातो आहे, त्याच्याबरोबर वही पाठवते. तो ती लंडनहून टाकील. पत्ता मीच घातला आहे. इनासची यादीही आत आहे. तुला रविवारची सुट्टी असेल तेव्हा एकेक दिवस घेऊन त्यात लिहिलं आहे ते बघून ये, जमलं तर त्याच क्रमाने. सिंत्र्याला कानटोपी घाल. ती टोकाची जागाही बघ.

मुक्कामाचा रकाना मी भरलेला नाही. लिहायला घेतलं होतं. पण तो अप्पांनी भरायचा होता आणि मी भरू दिला नाही, आता माझं अक्षर तिथे शोभणार नाही. तो तू भर.

परतीच्या ओळीतले ३ खोडू नकोस. त्यातलं एक माणूस आता नाही. एक तिकडे आहे आणि त्याला यायला किती वर्षं लागतील ते सरकारांना ठाऊक. तोवर शंकरच वर्षश्राद्ध करील, कार्तिक शुद्ध पंचमीला. तू तिकडे त्या दिवशी समुद्रावर जाऊन पाणी सोडलंस तरी चालेल, भटजींना मी विचारलं आहे.

उरलेलं माणूस इथेच आहे. यापुढे मला अक्का म्हणायचं की नाही ते तू ठरव. म्हणून नुसतं नाव लिहिते, हजेरीत असतं तसं.

सुनीती.
हजर.